जिप्सीचं पांढरं पडलेलं प्लास्टिक

जुन्या मारुती जिप्सीच्या चाकांवरच्या काळ्या पट्ट्या आधी राखाडी पडतात, मग पांढऱ्या, आणि शेवटी बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखं काहीतरी लागतं. माझी गाडी या शेवटच्या अवस्थेत हाती आली. मे 2025 पासून फेब्रुवारी 2026 पर्यंत, सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत, ते प्लास्टिक ताळ्यावर आणलं आणि त्याच ओघात गाडीच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरणही पार पडलं. सुरुवातीला जो तो वेगळं सांगायचा. अ‍ॅक्सेसरीवाला म्हणाला पॉलिश मारा, पेंटर म्हणाला फेकून द्या, शेजारच्या काकू म्हणाल्या खोबरेल चोळ, आणि घरचे म्हणाले गाडीच विक. म्हणून जे केलं ते क्रमाने लिहून ठेवते.

गाडी मामांची. फेब्रुवारी 1996 ची नोंदणी, नागपूरचा एमएच 31, 970 सीसीचं जुनं इंजिन, पण रुंद ट्रॅकची, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत अंतर जास्त, म्हणून चाकांवर त्या चार पट्ट्या. मारुतीने जिप्सी आणली डिसेंबर 1985 मध्ये आणि बंद केली 2019 मध्ये. ताडोबा-पेंचच्या जंगल सफारींच्या कृपेने आपल्याकडे तिचे इंजिनाचे पार्ट अजून मिळतात, बाहेरच्या प्लास्टिकचं मात्र तसं नाही. बाजारात डुप्लिकेट पट्ट्या आहेत, पण मी पाहिलेल्या जोडीची भोकं बॉडीच्या भोकांशी जुळत नव्हती आणि प्लास्टिकही पातळ होतं. म्हणजे जे आहे तेच वाचवायचं.

मामा प्रतापनगरला राहतात. घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी वर्षानुवर्षं उभी, उजवी बाजू पश्चिमेला. "माझ्याच्यानं आता क्लच दाबल्या जात नाही, तूच घे," म्हणाले. एप्रिलमध्ये गाडी नावावर करायचे कागद केले: फॉर्म 29 च्या दोन प्रती, फॉर्म 30, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. ऑनलाइन अर्ज, मग गिरीपेठेच्या आरटीओत कागद जमा. नवी आरसी पोस्टाने आली तोवर मे उजाडला. तिच्यावर नोंदणीची मुदत वाचली: फेब्रुवारी 2026. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे नूतनीकरण असतं आणि त्यासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. पोटात गोळा आला खरा, पण कामाला तारीख मिळाली.

पहिलं काम निघालं ते प्लास्टिकचं नव्हतंच. समोर मामांनी हौसेने लावलेला लोखंडी बुल बार होता. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना कळवलंय की असे क्रॅश गार्ड अनधिकृत आहेत, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत. तपासणीला तो काढावाच लागणार होता, म्हणून मेच्या पहिल्या रविवारी काढला. त्याच्या पकडीखाली बंपरच्या टोकाच्या प्लास्टिक टोपीचा रुपयाएवढा तुकडा ऊन न लागता राहिला होता. तो रंग बघून मी थबकले. मी डोळ्यासमोर ठेवलं होतं ते चकचकीत, कोळशासारखं काळं. मूळ रंग निघाला मंद, किंचित राखाडीकडे झुकणारा, अजिबात न चमकणारा. पुढचे सगळे महिने हा तुकडा माझा मापदंड होता. कोणी म्हणालं की "बघा कसं नवं दिसतंय", तर मी त्या तुकड्याशेजारी धरून बघायची. तुमच्याही गाडीवर असा तुकडा कुठेतरी असेल. नंबर प्लेटच्या मागे, स्टिकरखाली, पट्टी बॉडीला टेकते त्या कडेला. आधी तो शोधा, फोटो काढा, मग दुकानात जा.

मेमध्ये दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून धुणं आणि निदान उरकलं. धुवायचं पहाटे. साडेसातनंतर नागपुरात साबण लावेपर्यंत वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, आणि प्लास्टिकच्या खरखरीत दाण्यात अडकलेल्या मळासाठी तो पांढरा मेलामाइन स्पंज. स्पंज हलक्या हाताने, तो बारीक सॅंडपेपरच असतो.

धुतल्यावर एक साधी परीक्षा करा, कारण सगळा पांढरेपणा एकाच कारणाचा नसतो. प्लास्टिक ओलं करा. ओलं असताना काळं दिसलं आणि वाळताच पुन्हा पांढरं पडलं, तर पृष्ठभाग उन्हाने खाल्लेला आहे. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटतात, वर बारीक बारीक चिरा पडतात, त्यात प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. पाणी त्या चिरा भरतं म्हणून तेवढ्यापुरतं काळं. आत मिसळलेलं कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीच, ते बहुतेक वेळा शाबूत असतं, फक्त दिसत नाही. पण ओलं असतानाही पांढरं राहिलं, तर तो साचलेला थर. माझ्या मागच्या पट्ट्यांवर निम्मं तेच होतं: मामा बोअरच्या पाण्याने गाडी धुवायचे, आणि कूलरच्या जाळीवर चढतो तसा क्षार चढला होता. पातळ केलेल्या व्हिनेगरने तो निघाला, नंतर भरपूर साधं पाणी. कधीकाळी मारलेल्या बॉडी पॉलिशचे पांढरे कणही दाण्यात होते, ते ब्रशने गेले. यावर खर्च व्हिनेगरचा. पेंटरकडे आधी गेले असते तर याच पट्ट्यांवर रंगाचे पैसे गेले असते.

मग प्लास्टिक कोणतं हे ओळखणं. नव्या गाड्यांत पार्टच्या मागे खूण असते, दोन बाणांच्या मध्ये पीपी किंवा एबीएस असं कोरलेलं. माझ्या पट्ट्यांवर काही वाचता येईना. तेव्हा आतल्या, न दिसणाऱ्या कडेचा ब्लेडने नखाएवढा कीस काढला आणि वाटीभर पाण्यात, साबणाचा एक थेंब टाकून, सोडला. साबण यासाठी की कीस नुसता पाण्याच्या ताणावर तरंगू नये. पट्टीचा आणि बंपरच्या टोपीचा कीस तरंगला: पॉलिप्रॉपिलीन, म्हणजेच पीपी, पाण्याहून हलकं. समोरच्या जाळीचा आणि आरशाच्या मागच्या कव्हराचा कीस तळाला गेला, आणि अ‍ॅसिटोनचा थेंब पडताच चिकट झाला: एबीएस. ही विभागणी कंटाळवाणी वाटते, पण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्यावर ठरला. एबीएसवर रंग बसतो. पॉलिप्रॉपिलीनवर बसत नाही, पाणीसुद्धा त्यावर पसरत नाही, थेंब होऊन राहतं.

उपाय इतके सुचवले गेले होते की कोणाचं ऐकावं कळेना. डाव्या मागच्या पट्टीची कड आधीच तुटलेली होती, तीच बळी दिली. पट्टी काढून घेतली. प्लास्टिकचे क्लिप काढायचे ते भर दुपारी, ऊन लागून मऊ असतात तेव्हा. सकाळी गार असताना ते तडकतात. गंजलेल्या स्क्रूंना आदल्या रात्री डब्ल्यूडी-फोर्टी मारून ठेवायचं, आणि प्रत्येक पट्टीचे स्क्रू वेगळ्या पिशवीत. पट्टीवर मास्किंग टेपने खण पाडले. एकात अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातलं सिलिकॉनचं चकाकी देणारं औषध, एकात खोबरेल, एकात जवसाचं तेल, एकात हीट गन, एकात प्लास्टिकसाठीचं सिरॅमिक कोटिंग, आणि एक खण काहीही न लावता. पट्टी गच्चीवर टाकली, पश्चिमेकडे तोंड करून. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आतच सगळे खण तयार होते. नागपूरच्या उन्हाला शिव्या घालण्यापेक्षा त्याला परीक्षक नेमलेलं बरं.

प्रत्येकाचं काय झालं ते सांगते, कारण हेच मला कोणी सांगितलं नव्हतं.

सिलिकॉन पहिल्या दिवशी सगळ्यात देखणं. घरातले सगळे तिथेच बोट ठेवायचे. मूळ तुकड्याशेजारी मात्र ते तेलकट दिसायचं, आणि जूनमधल्या पहिल्या दमदार पावसात उतरलं. त्याचा आणखी एक त्रास असा की पुढे कधी रंग द्यायचा ठरवलं तर सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी रंग फाटतो, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. पेंटरला आधी सांगावं लागतं.

खोबरेलाने गच्चीवरची सगळी धूळ गोळा केली. काकूंना मी हे सांगितलेलं नाही.

जवस हा विदर्भाचा जुना माल, म्हणून मला त्याच्याबद्दल जिव्हाळा होता. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, त्याचा पातळ थर बनतो, म्हणून ते खोबरेलासारखं ओलं राहत नाही. इतवारीत खायचं जवसाचं तेल मिळतं, पण ते वाळायला फार वेळ घेतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्यायचं, त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात. अगदी पातळ हात, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसणं, दोन दिवस धुळीपासून लांब. मारबतीच्या सुमारास, म्हणजे ऑगस्ट संपता संपता, तो खण अजून काळा होता, थोडा डागाळलेला. दोनशे रुपयांच्या मानाने उत्तम.

पण त्याचं फडकं! हे नीट वाचा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर तेल वाळताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. आपल्याकडे मेमध्ये शेडचं तापमान आधीच किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. फडकं लगेच पाण्याच्या बादलीत, नंतर बाहेर फरशीवर उलगडून वाळवायचं आणि मग टाकायचं.

हीट गनने जादू होते, हे खरं. गरम हवेचा झोत फिरवत नेला की पांढरं डोळ्यासमोर काळं होतं, कारण वरचा चिरांचा थर क्षणभर वितळून सपाट होतो. व्हिडिओत सगळे तेच दाखवतात. व्हिडिओत दिवाळी दाखवत नाहीत. प्लास्टिकमध्ये मुळात मिसळलेलं ऊन अडवणारं द्रव्य संपलेलंच असतं, ते काही परत येत नाही. त्यामुळे माझा खण दिवाळीपर्यंत ढगाळ झाला. शिवाय पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंशांना वितळतं आणि गनच्या तोंडाशी त्याच्या कितीतरी पट तापमान असतं. हात थांबला की दाणा गुळगुळीत होतो, आणि गेलेला दाणा परत आणता येत नाही. टायर, रबर, बॉडीचा रंग जवळ असेल तर गाडीवर लावलेल्या पट्टीवर हे करूच नका. गन माझ्या भावाची होती, म्हणून खर्च शून्य. विकत घेऊ नये असं माझं मत.

सिरॅमिक कोटिंगचा खण ऊन आणि पाऊस दोन्ही काढून जवळजवळ तसाच राहिला. चमक कमी, त्यामुळे मूळ तुकड्याच्या सर्वांत जवळ. पट्ट्यांना तेच लावायचं ठरलं. तीस मिलीच्या बाटलीला बाराशे रुपये, ऑनलाइन.

पट्टी गच्चीवर परीक्षा देत असताना खाली कागदांचं चालू होतं. मारबतीच्याच आठवड्यात बातमी आली: वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार. मेमध्ये मी पाच धरून बसले होते. लवकर अर्ज करून सुटावं, तर तेही नाही, नूतनीकरणाचा फॉर्म 25 मुदत संपायच्या साठ दिवसांच्या आतच भरता येतो. घरच्यांनी पुन्हा विकण्याचा विषय काढला. मी बजेटच्या वहीत आकडा खोडला आणि कूलरची मोटर पुढच्या वर्षावर ढकलली.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बाकी होती. एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात ती सक्तीची. चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी, ऑनलाइन तारीख घेऊन केंद्रावर जायचं. मुदत वाढत वाढत चालली होती, त्यामुळे निवांतपणा आला होता. एक व्यावहारिक गोष्ट: ही प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने लावतात, सहज निघत नाही. बंपर रंगवायचा, टोप्या काढायच्या असतील तर ते आधी करा. मी म्हणूनच प्लेटची तारीख नोव्हेंबरची घेतली आणि बंपरचं काम ऑक्टोबरमध्ये काढलं.

बंपरच्या टोप्यांना कोटिंगने काही होणार नव्हतं. एक तडकलेली, दुसरी कोणीतरी कधीतरी घासून दाणा घालवलेली. नागपूरजवळच्या वाडीला एक डेंटर-पेंटर आहेत, ट्रकवाल्यांची कामं करतात. त्यांनी टोपी नखाने खरवडली, उलटी केली, आणि म्हणाले, "ताई, याले रंग नाही धरत. मी मारून देतो, पैसे घेतो, अन् सहा महिन्यानं तुम्हीच मले शिव्या देसान."

मी वाटीतल्या किसाची गोष्ट सांगितली. पीपी प्रायमर मारला तर?

"तो आणला तर धरते. पण तो कोणी आणत नाही, महाग पडते म्हणून. तुम्ही आणता काय?"

आणला. हा प्रायमर पारदर्शक, पाण्यासारखा असतो आणि पॉलिप्रॉपिलीनला चिकटण्याचं काम तोच करतो. साध्या राखाडी प्रायमरने ते होत नाही. स्प्रेचा डबा साडेसहाशेला. तडकलेली टोपी त्यांनी भंगारातल्या तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या चिंधीने जोडली. तीही आधी पाण्यात टाकून बघितली, कारण वेगळ्या जातीचं प्लास्टिक वितळवून जोडलं तरी एकजीव होत नाही. एव्हाना त्यांनाच त्या वाटीचा नाद लागला होता, दुकानातलं काहीही उचलून पाण्यात टाकत होते. मग स्कॉचब्राइटने घासणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, प्रायमरचा पातळ हात, आणि सांगितलेल्या वेळातच मॅट काळा. प्रायमर जास्त वाळू दिला तर त्याचा उपयोग राहत नाही, डब्यावरची वेळ पाळायची. नेहमीच्या काळ्यात त्यांनी थोडा पांढरा घातला, मूळ तुकड्याचा फोटो बघून. टोपी प्रत्यक्ष समोर असताना फोटो कशाला, तर तोवर तो तुकडाही रंगाखाली जाणार होता. मजुरी नऊशे. मिळायला सांगितल्यापेक्षा आठवडाभर उशीर झाला, कारण मध्ये दिवाळी.

जाळी आणि आरसे मी घरी केले. एबीएस असल्यामुळे सोपं: 600 नंबरच्या कागदाने पाणी लावून घासणं, साधा प्लास्टिक प्रायमर, मॅट काळ्या स्प्रेचे दोन पातळ हात. डबा आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की फवारा एकसारखा येतो. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

पट्ट्या मात्र रंगवल्या नाहीत, आणि हा निर्णय पेंटरलाही पटला. त्यांच्यावर बारीक दाणा आहे, रंगाचे दोन-तीन थर पडले की तो बुजतो आणि पट्टी रबरी खेळण्यासारखी दिसते. शिवाय पट्टी वाकते, दगड लागतात. कोटिंग झिजलं तर पुन्हा लावता येतं, सुटलेला रंग खरवडत बसावं लागतं.

कोटिंगसाठी नोव्हेंबरची वाट पाहिली. प्लास्टिक गार हवं, हवा कोरडी हवी, आणि लावल्यावर चोवीस तास पाणी लागायला नको. तिन्ही अटी नागपुरात एकत्र जमतात त्या दिवाळीनंतरच. पट्ट्या पुन्हा धुतल्या, दोन दिवस सावलीत वाळवल्या, कारण चिरांमध्ये पाणी राहिलं तर ते कोटिंगखाली अडकतं आणि नंतर ढगाळ डाग दिसतो. अल्कोहोलने पुसल्या. गांधीबागेत केमिकलवाल्याकडे लिटरची बाटली तीनशेच्या आसपास मिळाली, हातमोजे घालून आणि दार उघडं ठेवून वापरा. मग स्पंजच्या ठोकळ्यावर पाच-सहा थेंब, आडवे-उभे हात, दोन-तीन मिनिटांनी मायक्रोफायबरने जास्तीचं टिपणं. टिपायचं राहिलं तर तिथे चकचकीत ओघळ पक्के होतात. एक दिवस आड दुसरा हात. चारही पट्ट्या झाल्या आणि बाटलीत थोडं उरलं.

तपासणीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं प्लास्टिक काळं नव्हतं, लाल होतं. मागच्या दिव्यांच्या काचा, ज्या मुळात अ‍ॅक्रिलिकच्या असतात, गुलाबीसर आणि धुरकट झाल्या होत्या. ब्रेक दाबला तर भर दुपारी कळत नसे. जिप्सीचे समोरचे गोल दिवे खऱ्या काचेचे, त्यांची चिंता नाही. मागच्या दिव्यांना 1000, 1500, 2000 असे कागद, सतत पाणी, मग रबिंग कंपाउंड हाताने. पहिला कागद लावल्यावर काच पूर्ण पांढरी होते आणि छातीत धस्स होतं. दोन हजाराचा कागद संपेपर्यंत धीर धरायचा. अ‍ॅक्रिलिकला थिनर, अ‍ॅसिटोन, किंवा ते अल्कोहोलसुद्धा लावू नका, आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. साबण-पाणी पुरतं. रंग आतपर्यंत उडालेला असेल तर घासून उपयोग नाही. माझा डावा दिवा तसाच होता, तो नवा घेतला, साडेचारशे.

हूडच्या, म्हणजे कापडी छताच्या, मागच्या खिडकीचं पारदर्शक प्लास्टिक पिवळं आणि कडक झालं होतं. त्यावर कोणताही इलाज करू नका, वेळ जातो. हूडवाल्याने जुनं उसवून नवीन शीट शिवून दिली, सातशे रुपये, एका संध्याकाळी.

गाडीच्या प्लास्टिकवर सगळं मिळून सहा हजारांच्या आत गेलं. रजिस्ट्रेशनचा खर्च त्याच्या दुपटीहून जास्त.

डिसेंबरच्या शेवटी अर्ज भरला. परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म 25, दहा हजार फी, पर्यावरण कर वेगळा. पर्यावरण कराची पावती स्वतंत्र निघते, ती छापून ठेवा. इन्शुरन्स आणि पीयूसी तपासणीच्या दिवशी चालू असायला हवेत. माझ्या पीयूसीची मुदत मध्येच संपत होती, ती आधीच नवी करून घेतली. आणि चासी नंबर: त्याची पेन्सिलने छाप काढून अर्जाला लावतात. तीस वर्षांची माती आणि अंडरकोटिंग यांच्याखाली तो सापडायला वेळ लागतो. आदल्या आठवड्यात रॉकेलच्या चिंधीने आणि मऊ ब्रशने साफ करा. ग्राइंडर, पॉलिश पेपर काहीही लावू नका, नंबरवर घासल्याच्या खुणा दिसल्या तर वेगळेच प्रश्न सुरू होतात.

तपासणी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाली. सकाळी लवकर जाऊन रांगेत उभी राहिले, पुढे दोन स्कूटर आणि एक जुनी फियाट. फियाटवाल्या आजोबांशी गप्पा झाल्या, त्यांनी डब्यातली संत्री दिली. निरीक्षकांनी चासी आणि इंजिन नंबर जुळवला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर पाहिले, मागचे रिफ्लेक्टर पाहिले, ब्रेक दाबायला सांगून मागे जाऊन उभे राहिले. आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग पडताळला. तेव्हा मी विचारून घेतलं की काळ्या पट्ट्या-टोप्या यांत येतात का. म्हणाले, बॉडीचा रंग तोच आहे ना, मग झालं. बॉडीचा रंग बदलायचा असेल तर मात्र आरसीवर नोंद करावी लागते. समोरच्या बंपरवर बुल बारची दोन भोकं दिसत होती. त्यांनी बोट दाखवून "काढलात ना?" एवढंच विचारलं. पट्ट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संकेतस्थळावर मुदत 2031 झालेली दिसली. कार्ड त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं. तोवर एमपरिवहन अ‍ॅपमधली प्रत पोलिसांना चालते.

देखभाल आता थोडीच आहे. धुताना बोअरचं पाणी नाही, आणि टायर काळे करणारं औषध पट्टीवर उडू द्यायचं नाही. कोटिंगची पुढची वेळ मी पाणी बघून ठरवणार: थेंब होऊन घरंगळायचे थांबले की समजायचं. ताडपत्रीचं कव्हर घेऊ नका, वाऱ्याने घासून ते प्लास्टिकच खराब करतं आणि खाली वाफ कोंडते. मामांच्या प्लॉटवरून गाडी आमच्या अंगणात आणली आहे, तिथे चार बांबूंवर हिरवी शेड नेट टाकली. पन्नास टक्के आणि पंचाहत्तर टक्के अशी दोन प्रकारची मिळते, जास्त दाट घ्या आणि पश्चिमेच्या बाजूला खालपर्यंत सोडा, कारण दुपारी चारचं ऊन तिरपं आत शिरतं. उरलेल्या कोटिंगची बाटली एकदा उघडली की फार टिकत नाही असं कळलं, म्हणून ती फियाटवाल्या आजोबांना देऊन टाकली. त्यांच्या वायपरखालची जाळी पांढरी पडली होती.